तीन शहाणी माणसं

आमच्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावरचे काका अमेरिकेत मुलाकडे सहा महिने राहून आले, त्याला आता चार वर्षं झाली. पण माझ्या मते ते अजून पुरते परत आलेले नाहीत. देहाने ते इथेच आहेत. दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला माझ्याच काउंटरवर येतात, त्यामुळे देहाबद्दल मी लेखी हमी देऊ शकतो. मनाचा पत्ता मात्र तिकडचा. ‘तिकडे असं नसतं’ हे त्यांचं पालुपद. भाजीवाल्याच्या काट्यापासून संसदेच्या अधिवेशनापर्यंत कुठलीही गोष्ट ते या एका वाक्यात निकालात काढतात.

परवाचं निमित्त होतं गटार. फाटकासमोरचं गटार तुंबलं होतं आणि आठवडाभर आम्ही सगळे विटांवरून उड्या मारत ये-जा करत होतो. (चाळिशी उलटलेल्या माणसाने विटेवरून उडी मारताना हातात दुधाची पिशवी धरू नये, एवढं ज्ञान मला त्यातून मिळालं.) कुणीतरी म्हणालं, नगरसेवकाला गाठू या. झालं! काका उसळले.

‘‘नगरसेवक हवेतच कशाला, मी म्हणतो! मुंबई महापालिकेची मुदत संपली मार्च २०२२ मध्ये. पुढे काही वर्षं औषधालासुद्धा नगरसेवक नव्हता. प्रशासक होता. मुंबई बुडाली का?’’

मुंबई दर पावसाळ्यात बुडते, हे सांगायची ती वेळ नव्हती.

‘‘सभा घ्यायच्या, माइक ओढायचे, सभात्याग करायचा, आणि ठराव कसला, तर चौकाला नाव कुणाचं द्यायचं! नुसती बडबड. अरे, शहर म्हणजे काय? एक कंपनी! तीन शहाणी माणसं बसवा. एकाकडे पोलीस, एकाकडे रस्ते-पाणी, एकाकडे हिशोब. खटाखट कामं. तिकडे असंच असतं.’’

मला भांडणात योग्य उत्तर सुचायला साधारण दोन दिवस लागतात. हा नोकरीचा परिणाम असावा. चेक वटायलाही पूर्वी तेवढेच लागत. तर ते उत्तर आता देतो. आधीच सांगून टाकतो की मी बडबडीच्या बाजूचा आहे. बँकेतला माणूस म्हणून सोसायटीचं चिटणीसपद गेली नऊ वर्षं माझ्या गळ्यात आहे आणि सभेतली बडबड ऐकून, लिहून, पुढच्या सभेत वाचून दाखवण्याचं काम मी फुकट करतो. त्यामुळे दुसऱ्यांच्या सभा कशा चालतात हे वाचण्याची मला चटक लागली. अमेरिकेतल्या शहरांच्या कारभारावर मिळेल ते मी वाचत आलो आहे. काकांनी तिकडचे मॉल पाहिले, मी तिकडची गटारं वाचली.

तीन शहाण्या माणसांची योजना तिकडचीच, हे काकांचं म्हणणं अगदी खरं आहे. फक्त ती ताजी नाही. टेक्सासच्या किनाऱ्यावर गॅल्व्हेस्टन नावाचं शहर आहे. ८ सप्टेंबर १९०० रोजी तिथे असं वादळ आलं की निदान सहा हजार माणसं मेली. शहर चिखलात, तिजोरी रिकामी. तेव्हा गावातल्या व्यापारी मंडळींनी ठरवलं, की आता कौन्सिल आणि वॉर्ड आणि भाषणं बास. पाच कर्ती माणसं नेमा. १९०१ मध्ये असं कमिशन आलं. एकाकडे पैसा, एकाकडे पोलीस आणि आग, एकाकडे रस्ते, एकाकडे पाणी आणि सांडपाणी, आणि वर एक अध्यक्ष. त्यांनी काम केलं हे कबूल केलं पाहिजे. समुद्राला भिंत घातली, गावाची जमीनच भर घालून उचलली. झालं, ‘शहर म्हणजे कंपनी’ हा मंत्र देशभर गेला. पुढच्या पंधरा-वीस वर्षांत सुमारे पाचशे शहरांनी हा कित्ता गिरवला. काहींनी पाचाचे तीन केले. आणखी काटकसर!

आता माझी हरकत. बँकेत एक साधा नियम आहे. ज्याने एन्ट्री टाकली त्याने ती पास करायची नाही. मग टाकणारा साक्षात राजा हरिश्चंद्र का असेना, पास करायला दुसरा लागतो. हल्ली त्याला मेकर आणि चेकर म्हणतात. पूर्वी नुसतं ‘साहेबांची सही आण’ म्हणत. कमिशनच्या कारभारात एन्ट्री टाकणारा आणि पास करणारा एकच. पोलिसांचा कमिशनर कायदा करणाराही तोच आणि राबवणाराही तोच. उरलेले दोघे मान डोलावतात, कारण उद्या त्यांच्या खात्याचा विषय आला की याने डोलवायची असते. शिवाय वॉर्ड नाहीत. तिन्ही माणसं सगळ्या शहराने मिळून निवडायची. म्हणजे ज्याची संख्या आणि मतदारयादीवरची नावं जास्त, तिघेही त्याचेच. आमच्या इमारतीत असं झालं असतं, तर कमिटीत तिन्ही माणसं ‘ए’ विंगची असती आणि ‘बी’ विंगला पाणी कधी आलं असतं, ते ‘बी’ विंगवाल्यांनीच विचार करून सांगावं.

या योजनेचं एक गिऱ्हाईक होतं अलाबामा राज्यातलं माँटगोमेरी. तिथे १९११ पासून तिघांचं कमिशन. महापौर धरून तीन. १९५० च्या सुमारास लाखभर वस्ती, त्यात दर शंभरात सुमारे चाळीस काळे. मतदारयादीत मात्र काळ्यांची नावं शोधावी लागत. ती तिथे येऊ नयेत याची चोख व्यवस्था होती. या शहराचं नाव आपल्याला एकाच कारणासाठी माहीत असतं. डिसेंबर १९५५ मध्ये रोझा पार्क्स बसमधल्या जागेवरून उठल्या नाहीत, मार्टिन ल्यूथर किंग पुढे आले, आणि काळ्यांनी बसवर बहिष्कार घातला. शाळेच्या पुस्तकात हे असं येतं, की जणू एका संध्याकाळी आकाशातून वीज पडली.

वीज नव्हती हो. अर्ज होता! आणि अर्जाचं नाव काढलं की आम्हा कारकुनांचे कान टवकारतात.

जो ॲन रॉबिन्सन नावाच्या बाई तिथल्या काळ्यांच्या कॉलेजात इंग्रजी शिकवत आणि बायकांची एक राजकीय संघटना चालवत. त्या मार्च १९५४ मध्ये इतरांना घेऊन कमिशनपुढे गेल्या, आणि २१ मे १९५४ रोजी त्यांनी महापौर गेल यांना पत्र लिहिलं. म्हणजे रोझा पार्क्सच्या अटकेआधी दीड वर्ष. मागण्या तीन. एक, काळ्यांनी मागून पुढे आणि गोऱ्यांनी पुढून मागे बसत यावं, बस भरेपर्यंत. दोन, काळ्या उतारूने पुढच्या दाराने चढून पैसे द्यायचे, मग खाली उतरून मागच्या दाराने पुन्हा चढायचं, हा प्रकार बंद व्हावा. (पैसे घेऊन, माणूस मागच्या दाराशी पोचायच्या आत बस सोडणारे ड्रायव्हरही होते.) आणि तीन, गोऱ्यांच्या वस्तीत बस प्रत्येक कोपऱ्यावर थांबते, तशी ती काळ्यांच्या वस्तीतही थांबावी.

बघा आता. क्रांती कुठे आहे यात? वेगळं बसवू नका असंसुद्धा बाई म्हणत नव्हत्या. मागून पुढे येऊ द्या, दोनदा चढायला लावू नका, कोपऱ्यावर बस थांबवा. जगातल्या कुठल्याही नगरपालिकेच्या टेबलावर रोज येणारा हा किरकोळ विषय आहे. आपल्याकडे याला ‘आयत्या वेळचे विषय’ म्हणतात आणि ते येईपर्यंत सभासद बटाटेवड्याकडे वळलेले असतात.

बाई हिशोबाच्याही पक्क्या होत्या. बसचे चारांतले तीन उतारू काळे आहेत, ते चढले नाहीत तर बस चालणारच नाही, हे त्यांनी नम्रपणे लिहिलं. पंचवीसहून अधिक संस्था बहिष्काराचं बोलताहेत हेही लिहिलं. ॲटलांटात, सॅव्हानात, इतकंच काय आपल्याच राज्यातल्या मोबीलमध्ये मागून पुढे बसण्याची पद्धत सुरळीत चालू आहे, असा दाखलाही दिला. म्हणजे आमच्या भाषेत, शेजारच्या शाखेत जे नियमात बसतं ते तुमच्याच शाखेत का बसत नाही? याला उत्तर नसतं. मी स्वतः गिऱ्हाइकांकडून हा प्रश्न ऐकला आहे आणि दरवेळी पाणी प्यायला उठलो आहे.

कमिशननेही तेच केलं. काही भागांत बस थोड्या जास्त कोपऱ्यांवर थांबू लागली. बाकी दोन मागण्यांवर ढिम्म.

माझा मुद्दा इथे आहे. त्या तिघांच्या जागी वॉर्डावॉर्डातून आलेले बारा-पंधरा बडबडे असते आणि त्यातले चार काळ्यांच्या वस्तीतून आलेले असते, तर काय झालं असतं? त्यांनी माइक ओढला असता. दर आठवड्याला तो कोपरा काढला असता, सभात्याग केला असता, वर्तमानपत्रात नाव यावं म्हणून का होईना, त्या बसमधून प्रवास करून दाखवला असता. काकांच्या भाषेत सभेचा वेळ फुकट गेला असता. पण दीड वर्ष कुणीच वेळ फुकट घालवला नाही. खटाखट कामं चालली होती!

मग १ डिसेंबर १९५५. रोझा पार्क्सना अटक. यात कारकुनाच्या डोळ्यांना दिसणारी एक गंमत आहे. माँटगोमेरीच्या नियमावलीत असं होतं, की ड्रायव्हर सांगेल त्या जागी उतारूने बसलं पाहिजे, पण त्याच्या वंशाच्या भागात जागा रिकामी असेल तर. त्या संध्याकाळी मागे जागा रिकामी नव्हती. म्हणजे शहराच्या स्वतःच्या नियमाप्रमाणे बाईंनी उठण्याचं काही कारणच नव्हतं! खटल्याच्या वेळी सरकारी वकिलांनी शहराचं कलम सोडून राज्याच्या कायद्याचं कलम लावलं. दंड दहा डॉलर, वर कोर्टखर्च चार. ज्या ड्रायव्हरने उठायला सांगितलं, त्याला बस चालवताना पोलिसाचे अधिकार होते. तेही त्याच नियमावलीत. असं कलम एखाद्या रटाळ दुपारी ‘मंजूर, मंजूर’ म्हणत पास झालं असेल. जांभई देताना माणूस काय मंजूर करतो त्याला कळत नाही. मी वार्षिक सभांत हे पाहिलेलं आहे.

त्याच रात्री रॉबिन्सनबाई कॉलेजात गेल्या आणि दोन विद्यार्थ्यांना घेऊन सायक्लोस्टाइल मशीनवर पहाटेपर्यंत हजारो पत्रकं काढली. मशीनची किल्ली कुणाकडे होती, माहीत आहे? कॉमर्स विभागाच्या प्रमुखांकडे. इंग्रजी साहित्यवाले कल्पना काढतात, पण कागद आणि शाई शेवटी कॉमर्सवाल्याकडेच मागावी लागते. माझ्या बी.कॉम.चा मला इतका अभिमान आधी कधी वाटला नव्हता.

५ डिसेंबरला बहिष्कार सुरू झाला आणि ३८१ दिवस चालला. सुरुवातीच्या मागण्या जवळजवळ जुन्याच होत्या, मागून पुढे, पुढून मागे. तेवढं दिलं असतं तर प्रकरण त्याच आठवड्यात मिटलं असतं, असं आज वाटतं. तिघांनी दिलं नाही. उलट त्यांचा ‘रोजचा कारभार’ कसा चालू झाला बघा. काळे टॅक्सीवाले बसच्या भाड्यात, म्हणजे दहा सेंटमध्ये, माणसं नेऊ लागले. नियम काढला गेला: टॅक्सीला किमान भाडं पंचेचाळीस सेंट घेतलंच पाहिजे. मग लोकांनी स्वतःच्या गाड्या काढल्या, तर वाहतूक पोलीस सरसावले. जानेवारी १९५६ मध्ये किंगना पकडलं. गुन्हा काय? ताशी पंचवीस मैलांच्या हद्दीत तीस! गाड्यांचे विमे रद्द झाले, तर लोकांनी थेट लंडनच्या लॉइड्सकडून विमा मिळवला. शेवटी शहर कोर्टात गेलं की ही मंडळी परवाना न घेता वाहतुकीचा धंदा करताहेत. परवाना, किमान भाडं, वेगमर्यादा. सगळं किरकोळ, सगळं नियमात. हातात लाठी न घेता माणसाला कसं रडवावं, हे आम्हा नियमवाल्यांना उपजत ठाऊक असतं. जानेवारीत तिन्ही शहाणी माणसं गोऱ्यांच्या ‘सिटिझन्स कौन्सिल’ची सभासद झालेली होती. तिघांचं एकमत! काकांना आवडलं असतं. अजिबात बडबड नाही.

१३ नोव्हेंबर १९५६ रोजी परवान्याच्या त्या खटल्याची सुनावणी चालू असतानाच बातमी आली, की बसमधला वर्णभेद घटनाबाह्य आहे यावर सुप्रीम कोर्टाने शिक्का मारला. त्या खटल्याच्या नावात महापौरांचं आडनाव कायमचं राहिलं आहे. बसला कोपऱ्यावर थांबा न दिल्याबद्दल इतकी मोठी प्रसिद्धी दुसऱ्या कुठल्या महापौराला मिळाली असेल असं वाटत नाही.

तुम्ही म्हणाल, इथे शहाण्यांना शहाणपण आलं असेल. छे! पुढचा विषय बागांचा. बागांमधल्या वर्णभेदाविरुद्ध १९५८ च्या अखेरीस खटला उभा राहिला, तेव्हा कमिशनने १ जानेवारी १९५९ पासून शहरातल्या सगळ्या बागा बंद केल्या. काळ्यांना आणि गोऱ्यांनाही. ओक पार्कमधला पोहण्याचा तलाव मातीने बुजवला. प्राणिसंग्रहालयातले प्राणी काढून टाकले. सहाएक वर्षं एका राजधानीच्या शहरातल्या मुलांना, कुठल्याही रंगाच्या, सार्वजनिक बाग नव्हती. त्याच राज्यातलं बर्मिंगहॅमही तिघांचंच. तिथे काळ्या आणि गोऱ्याने एकत्र डॉमिनो किंवा चेकर्स खेळणंसुद्धा नियमाने गुन्हा होता. चेकरचं त्यांना इतकं वावडं होतं की खेळातलासुद्धा चालत नव्हता.

मी हे सांगतोय ते तलावासाठी. माणूस रागाच्या भरात स्वतःचा पोहायचा तलाव बुजवायला निघतो तेव्हा शेजारी बसलेल्या कुणीतरी ‘अहो, तुमचीच नातवंडं कुठे पोहणार?’ एवढं विचारावं लागतं. ते विचारायला तिथे कुणी नव्हतं. माझी धाकटी मुलगी महापालिकेच्याच तलावात पोहायला शिकली, म्हणून मला ते जास्त लागलं असेल. पावसाळ्यानंतर त्या तलावाचं पाणी हिरवं असे, आणि त्यावर दोन नगरसेविका सभेत तासभर भांडल्याची बातमी वाचून तेव्हा मी हसलो होतो. हसायला नको होतं.

आता कुणी विचारेल, जिथे बडबडी कौन्सिल होती तिथे काय दिवे लागले? खोटं कशाला बोलू, तिथेही अंधार होताच. लॉस एंजलिसला पंधरा सभासदांची कौन्सिल. १९४९ मध्ये एडवर्ड रॉयबल तिथे निवडून आले, त्या शतकातले तिथले पहिले मेक्सिकन वंशाचे सभासद. त्यांच्याच लोकांची चावेझ रॅव्हिन नावाची वस्ती आधी स्वस्त घरांसाठी म्हणून रिकामी करायला घेतली. मग घरांची योजनाच रद्द झाली. आणि ऑक्टोबर १९५७ मध्ये कौन्सिलने ती जमीन बेसबॉलच्या डॉजर्स संघाला स्टेडियमसाठी द्यायचा करार दहा विरुद्ध चार मतांनी मंजूर केला. रॉयबल त्या चारांतले. मे १९५९ मध्ये उरल्यासुरल्या लोकांना बाहेर काढलं, एका बाईला पोलिसांनी हातापायांना धरून उचलून आणलं. १९६२ मध्ये स्टेडियम उघडलं.

म्हणजे बडबड हरली. मान्य. पण दहा विरुद्ध चार असं तिथे लिहिलेलं राहिलं. जून १९५८ मध्ये तो करार सगळ्या शहरापुढे मतदानाला आला आणि थोडक्यात निसटला. घर गेलेली माणसं कौन्सिलच्या सभागृहात येऊन मोठ्याने बोलली आणि कुणातरी सभासदाला त्यांच्या डोळ्यांत बघत ऐकून घ्यावं लागलं. माँटगोमेरीत तीन विरुद्ध शून्य. त्या शून्याची मला भीती वाटते. बॅलन्सशीटच्या एका बाजूला शून्य दिसलं की ऑडिटर आधी तेच पान उघडतो.

आणि ज्या गॅल्व्हेस्टनने ही टूम काढली, त्यानेच १९६० मध्ये ती सोडली. माँटगोमेरीनेही सोडली, १९७५ पासून तिथे नऊ प्रभागांची नऊ माणसांची कौन्सिल आहे. काका तिकडे गेले तेव्हा त्यांना हे कुणी सांगितलं नसावं. ते मुलाच्या घरामागचं गवत कापण्यात गुंतले होते.

एवढं सगळं मनात जुळवून मी काल संध्याकाळी तिसऱ्या मजल्यावर गेलो. काकांनी सुरुवात करू दिली नाही. ‘‘बरं झालं आलास. तुझं अक्षर बरं आहे. एक अर्ज लिहायचाय.’’

आमच्या कोपऱ्यावरचा बसथांबा प्रशासकाच्या काळात कधीतरी उचलून पुढच्या चौकात नेला होता. कुणी नेला, का नेला, कुणालाच ठाऊक नाही. काकांनी तेव्हा तीनदा अर्ज दिले, तिन्हींना पोच मिळाली, उत्तर एकालाही नाही. गुडघे दुखत असताना काकू रोज तेवढं चालतात.

मी पेन उघडलं. ‘‘कुणाच्या नावे लिहू?’’

काका बराच वेळ पंख्याकडे बघत राहिले.

‘‘नगरसेवकाच्याच नावे लिही,’’ ते म्हणाले. ‘‘पण खाली टाक, तिकडे असं नसतं म्हणून.’’